नाव घेण्याआधीचा श्वास

आईच्या संग्रहातला पहिला नमुना तिचा स्वतःचाच आहे.

'कॅसेटची फीत फिरते गरगर... धनंजयचं नाव घेते, बटण नीट धर.' त्यावर बाबांचं मोठ्याने हसणं, आणि खट्.

नव्या टेपरेकॉर्डरची चाचणी म्हणून केलेली ती गंमत. मिरजेत बाबांचा लग्नाच्या शूटिंगचा धंदा होता आणि आई, म्हणजे प्रा. सुचेता मगदूम, कॉलेजात इतिहास शिकवायची. लढाया आणि तह यांचा तिला मनापासून कंटाळा. नवरी नाव घेताना काय म्हणते, कोणत्या गावच्या उखाण्यात चांदीचं ताट येतं नि कोणत्या गावच्या उखाण्यात द्राक्षांचा घड, फ्रिज पहिल्यांदा कधी आला, हा तिचा इतिहास. बाबांच्या स्कूटरवर मागे बसून ती जतपासून शिरोळपर्यंत लग्नं फिरली. आमंत्रण नसलेल्या पंगतीत बसायची तिला कधी लाज वाटली नाही. तिच्या सहकाऱ्यांना मात्र तिची लाज वाटायची. 'मगदूमबाई उखाणे गोळा करतात' हे वाक्य ते तोंडावर हात ठेवून बोलत.

मी शर्वरी, तिची एकुलती एक. मी फिजिओथेरपिस्ट आहे. उखाण्यांशी माझा संबंध एवढाच, की लहानपणी भातुकलीत मीही एक घेतला होता आणि आईने तो टेप केला होता. 'बाहुलीच्या लग्नात चुरमुऱ्यांचा भात, चिन्मयचं नाव घेते, चिखलाचे हात.' चिन्मय शेजारचा. तो रडत घरी गेला होता.

आई तोवर कॉलेजातून विद्यापीठात गेली होती. बाबा गेले त्याच वर्षी विद्यापीठाने एक नवी इमारत बांधली. गणित, वैद्यक, अभियांत्रिकी आणि संस्कृतीचा इतिहास, सगळ्यांनी एका छताखाली संशोधन करायचं. 'आंतरविद्याशाखीय अध्ययन केंद्र' हे नाव एका दमात म्हणून दाखवणाऱ्याला आई चहा पाजायची. चार शाखांमध्ये देवाणघेवाण किती झाली देव जाणे, पण कॅन्टीन एकच होतं, म्हणून तिची गाठ केळुसकरांशी पडली.

केळुसकर गणिताचे, मूळचे वेंगुर्ल्याचे. समोरच्या माणसाशी बोलताना त्याच्या शर्टाच्या बटणाकडे बघायचे. वरच्या मजल्यावर डॉक्टर मंडळी मेंदूच्या एका आजारावर काम करत होती आणि केळुसकर त्यांना आकडेमोडीत मदत करत होते. त्या आजाराचं लांबलचक नाव पेशंटला सांगून उपयोग नसतो. आमच्या क्लिनिकमध्ये त्याला 'झीज' म्हणतात. पन्नाशीच्या पुढेमागे सुरू होते. आधी हातातला चहा बशीत सांडायला लागतो, मग चाल बिघडते, मग घास गिळणं, मग शब्द. आईवडिलांपैकी एकाला असेल तर मुलाला होण्याची शक्यता निम्मी. जनुकातला बिघाड घराण्यागणिक वेगळा, त्यामुळे रक्ततपासणीत तो हाती लागत नाही. औषध नाही. औषध शोधायचं तर आजार सुरू होण्याच्या वीस-तीस वर्षं आधी माणसं ओळखता यायला हवीत, आणि ती कशी ओळखायची हे कुणालाच माहीत नव्हतं.

केळुसकरांना एक वाट दिसत होती. गप्प असलेला माणूस बोलायला लागतो तेव्हा त्याच्या स्वरतंतूंना लगेच लय सापडत नाही. पहिली काही कंपनं अडखळत येतात. प्रत्येक कंपन मागच्या कंपनाशी ताडून कागदावर टिंब म्हणून मांडलं, तर टिंबांचं एक कडं तयार होतं, बांगडीसारखं. निरोगी माणसाच्या कड्याला एकच भोक. पण ज्याच्या मेंदूत झीज दडून बसली आहे, त्याच्या मेंदूचा हुकूम स्वरतंतूंपर्यंत दोनदा पोचतो, एकदा खरा आणि पाठोपाठ त्याचा पुसट पडसाद. मग कड्याला आणखी एक बारीक भोक पडतं. आवाज खरखरीत असो, मागे बँड वाजत असो, कडं वाकडं होईल, चेपेल. पण बांगडी वाकडी केल्याने तिला दुसरं भोक पडत नाही. भोकं मोजण्याचं हे गणित जुनंच आहे, फक्त ते घशावर कुणी वापरलं नव्हतं.

अडचण एकच होती. माणूस बोलता बोलता थांबतो, श्वास रोखतो आणि मग ठरलेला शब्द उच्चारतो, असा क्षण हवा. रोजच्या बोलण्यात तो सापडत नाही, आणि प्रयोगशाळेत सांगून घडवला की बिघडतो. केळुसकर हे कॅन्टीनमध्ये सांगत होते आणि आई वडा खाता खाता थांबली.

"नाव घेण्याआधी थांबतात ना बायका," ती म्हणाली. "सगळा हॉल गप्प होतो."

केळुसकरांनी तेव्हा पहिल्यांदा बटणावरून नजर वर केली, असं ती पुढे सगळ्यांना सांगायची.

ज्या संग्रहाला कुणी विचारत नव्हतं, त्याला एकाएकी सोन्याचे दिवस आले. हजारो नवऱ्या, सगळ्या जातींच्या, सगळ्या गावांच्या, सगळ्यांचा तोच रोखलेला श्वास आणि त्यानंतर नाव. त्यांतल्या कितीतरी जणींचं पुढे काय झालं हेही आता कळू शकत होतं. आई त्या वर्षी इतकी खूश होती की तिने नवीन साडी घेतली आणि कुलगुरूंच्या समोर उखाणा घेतला.

नमुने वापरायला द्यायचे तर लोकांची ओळख लपवायला हवी. त्यासाठी समिती बसली. वकील, डॉक्टर, तत्त्वज्ञानाचे एक वयस्कर प्राध्यापक, आणि आई. सगळे इथलेच, सगळ्यांची लग्नं झालेली. त्यांनी ठरवलं की बोलणाऱ्या बाईचं नाव, गाव आणि तारीख काढून टाकायची, आवाज तेवढा ठेवायचा. ठराव एकमताने झाला आणि सगळे जेवायला गेले.

उखाण्यात बाई स्वतःचं नाव घेतच नाही. ती नवऱ्याचं घेते, वर सासरचं आडनाव आणि गाव गुंफते, यमकासाठी सासऱ्यांनाही ओढून आणते. हे त्या खोलीतल्या एकालाही आठवलं नाही. बाईचं नाव पुसलं की बाई पुसली, असं त्यांना वाटलं. आणि लक्षात आलं असतं तरी नवऱ्याचं नाव कापता येत नव्हतं. मोजायचं होतं ते नेमकं तेच.

पण ते पुढचं. त्याआधी एका रविवारी सकाळी केळुसकर आमच्या घरी आले. आई आणि मी मटार सोलत बसलो होतो. त्यांनी चहा नको म्हटलं.

"मॅडम, पद्धत तपासायची म्हणून मी पहिल्या क्रमांकापासून सुरुवात केली."

"मग?"

"पहिल्याला दोन भोकं आहेत."

आईने हातातली शेंग सोलून संपवली. "फीत जुनी आहे. ताणली असेल."

"ताणल्याने भोक पडत नाही, मॅडम."

"हो," ती म्हणाली. "तुम्हीच सांगितलंय ते."

मला वाटतं तिने तेव्हा माझ्याकडे बघायला हवं होतं. ती सालांच्या ढिगाकडे बघत राहिली. केळुसकर माझ्या कुर्त्याच्या बटणाकडे बघून म्हणाले, "शर्वरीचा एखादा नमुना असला, तर निदान..."

"माझ्याकडे तिचं काही नाही."

मी त्यांना रिक्षेपर्यंत सोडून परत आले तेव्हा आई तिच्या खोलीत जमिनीवर बसली होती. भातुकलीच्या कॅसेटमधली फीत तिने सगळी बाहेर ओढली होती आणि कात्रीने तिचे तुकडे करत होती. कॉम्प्युटरवरची प्रत तिने आधीच पुसली होती.

"आई, तू लग्नाच्या मेनूची कार्डंसुद्धा टाकत नाहीस."

"घरात राहिली असती तर मी ऐकली असती. ऐकली असती तर त्यांना नेऊन दिली असती. मी मला ओळखते."

"आणि माझं काय?"

"तुला हवं असेल तर तू जाऊन कळून घे, शरू. माझ्या हातून नको."

मला तिचा राग आला आणि तिच्यावर मायाही आली, दोन्ही एकदम. मी खाली बसले आणि तुकडे गोळा करायला लागले.

मी कळून घेतलं नाही. ज्यांना कळलं होतं अशी माणसं मी क्लिनिकमध्ये बघत होते. धडधाकट, तिशीची माणसं. चहात साखर ढवळतानाही ती स्वतःच्या हाताकडे बघत असायची. मला माझे हात तसे बघायचे नव्हते.

संशोधन छापून आलं, कौतुक झालं, नमुने देशोदेशीच्या विद्यापीठांत गेले. तिथून ते एका लग्न जुळवणाऱ्या कंपनीच्या हाती कसे लागले याची चौकशी अजून चालू आहे. कंपनीने उखाण्यांतली नवऱ्यांची नावं, आडनावं, गावं मतदार याद्यांशी जुळवली. कुठल्या घराण्यात झीज आहे, हे बायोडेटासोबत मिळायला लागलं. कवठेमहांकाळहून एका माणसाचा आईला फोन आला. त्याच्या आईने लग्नात हौसेने लांबलचक उखाणा घेतला होता आणि आता त्याच्या दोन बहिणी घरात बसून होत्या. तो ओरडला नाही. "बाई, तुम्ही आमच्या मांडवात जेवला होतात," एवढंच म्हणाला. आई त्या दिवशी जेवली नाही.

पुढे फोनमध्येच तशी सोय आली. थांबा, नाव घ्या, निकाल बघा. कायद्याने बंदी आहे. हुंड्यालाही आहे.

लग्नात 'नाव घे, नाव घे' म्हणणाऱ्या बायका गप्प झाल्या. कुणी फारच आग्रह केला तर नवरीची आई पाहुण्यांना फोन पालथे घालायला लावायची. फोन पालथा घालणं ही सभ्यतेची खूण झाली. आणि जमलेली लग्नं मोडायला लागली तेव्हा लोकांना जुनंच कारण सापडलं. पत्रिका जुळली नाही. ज्यांनी आयुष्यात कधी पत्रिका उघडली नाही तेही हेच सांगायचे आणि ऐकणारा पुढे काही विचारायचा नाही. मी आणि आई यावर हसायचो. गुरुजींना बरे दिवस आले, असं आई म्हणायची. तोपर्यंत तिच्या बशीत चहा सांडायला लागला होता.

अभिराम सातपुते आजोबांच्या गुडघ्यासाठी क्लिनिकमध्ये आला आणि आजोबा बरे झाल्यावरही येत राहिला. पुलांचा इंजिनिअर. नदीला पूर आला की पावसात उभा राहून खांबांकडे बघत बसणारा. मी त्याला आईचं सगळं सांगितलं, मी तपासून घेतलेलं नाही हेही सांगितलं. 

"मला माहीत करून घ्यायचं नाही," तो म्हणाला. "कधी घ्यायचंच झालं तर ते तू ठरव."

त्या वाक्यावर मी त्याच्या प्रेमात पडले. त्याच्या आईही लाख माणूस. आमच्या आईला गिळायला सोपं जावं म्हणून काकू मऊ खीर करून आणायच्या आणि हात धरून बसायच्या. साखरपुड्यात कुणीतरी उखाण्याचं काढलं तर त्यांनीच दटावलं, "काही नको गं. पोरीला छळू नका."

लग्नाला महिना राहिला होता. एका दुपारी आम्ही दंडोबाच्या डोंगरावर गेलो. वर वारा एवढा, की माझी ओढणी सारखी त्याच्या तोंडावर जात होती. खाली द्राक्षाचे मळे दिसत होते.

"एकदा नाव घे ना," अभिराम म्हणाला. "इथे कोण आहे ऐकायला?"

त्याने फोन काढून दगडावर पालथा घातला. मी त्याच्याकडे बघितलं. तो हसत होता. इतकी वर्षं मी उखाणा गिळून बसले होते, दुसऱ्यांच्या लग्नातसुद्धा नवरीच्या वतीने अंग चोरून बसायचे. त्या दिवशी मला वाटलं, घ्यावं.

"दंडोबाच्या डोंगरावर भणाण वारा..." मी थांबले. तोही श्वास रोखून बघत होता. "अभिरामचं नाव घेते, फोन खाली ठेव जरा."

आम्ही दोघं खूप हसलो. परत येताना तो गाडी गप्प राहून चालवत होता. दमला असेल, असं मला वाटलं.

चार-पाच दिवसांनी काकूंचा फोन आला.

"शर्वरी, बाळा, कसं सांगू? गुरुजी म्हणाले, पत्रिकेत थोडं..."

"काकू, मला पत्रिकाच नाही. आईने माझी कधी केलीच नाही."

पलीकडे काकू रडायला लागल्या. मी फोन धरून उभी राहिले. समोर एक आजोबा पायाला वजन बांधून बसले होते आणि किती वेळा उचलू म्हणून विचारत होते. मी त्यांना सांगितलं, दहा वेळा. मग बाथरूममध्ये जाऊन माझ्या हातांकडे बघितलं.

संध्याकाळी अभिराम क्लिनिकवर आला. सगळे गेले होते. तो पेशंटच्या स्टुलावर बसला, मी टेबलाला टेकून उभी राहिले.

"फोन पालथा होता," मी म्हणाले.

"बंद नव्हता."

"तू म्हणाला होतास, मी ठरवायचं."

"हो." त्याने दोन्ही हातांनी तोंड पुसलं. "मला वाटलं चांगलंच निघेल. मनापासून वाटलं, शर्वरी. चांगलं निघालं असतं तर लग्नाच्या दिवशी तुला सांगणार होतो. भेट म्हणून."

"आणि वाईट निघालं तर काय करणार होतास?"

"तो विचारच केला नव्हता."

तो खरं बोलत होता.  शिव्या देण्याजोगा माणूस असता तर बरं झालं असतं.

"आईला मी नको म्हणालो होतो पत्रिकेचं," तो म्हणाला. "तिला दुसरं काही सुचलं नाही. निकाल शंभरात दोन-तीनदा चुकतो, तू पुन्हा एकदा..."

"तेवढ्यावर तू लग्न करशील?"

 पुलाच्या खांबाला बारीक तडा दिसला की वाहतूक थांबवायची, हे त्याचं शिक्षण होतं. मी त्याचा खांदा थोपटला आणि दिवे बंद करायला लागले. घरी जाताना रस्त्यात मला रडू आलं. स्कूटर बाजूला घेऊन मी एका बंद पडलेल्या मंगल कार्यालयाच्या कट्ट्यावर बसले आणि मनसोक्त रडले.

आई खिडकीजवळच्या खुर्चीत होती. तिचं बोलणं तोपर्यंत फार उरलं नव्हतं. एकेक शब्द ती शोधून, पकडून आणायची. तिच्या आवाजासाठी मी एक व्यायाम बसवला होता. श्वास घ्यायचा, रोखायचा, मग एक शब्द मोठ्याने म्हणायचा. शब्द तिनेच निवडला होता. रोज संध्याकाळी ती सगळा जीव एकवटून 'धनंजय' म्हणायची.

मी चहा केला. तिच्यासाठी थोडा घट्ट, एका वेळी एक घोट, तोही हनुवटी छातीकडे घेऊन, म्हणजे श्वासनलिकेत जात नाही.

"हनुवटी खाली," मी म्हणाले. "आता गिळ."

तिने गिळला. मग माझ्या तोंडाकडे बघितलं. "काय... झालं?"

"पत्रिका जुळली नाही."

आई हसली नाही. तिचा हात कपावरून घसरला आणि चहा बशीत, बशीतून साडीवर गेला. मी पुसायला वाकले तर तिने माझं मनगट धरलं. पकड अजून चांगली होती. तिचे डोळे भरून आले होते आणि ती एकच शब्द शोधत होती. तो मला माहीत होता. मी म्हणाले, "ती फीत कापलीस ते बरंच केलंस, आई. मला तेवढी वर्षं मिळाली."

ती मान हलवत राहिली, बराच वेळ. मी तिच्या समोर स्टूल ओढून बसले, माझ्या कपातला घोट घेतला आणि हनुवटी खाली करून गिळला. तिने ते बघितलं. तिला सगळं समजत होतं, तिचं काय जात होतं आणि काय शाबूत होतं हे मला डॉक्टरपेक्षा जास्त माहीत होतं.

"नाव," ती म्हणाली.

"म्हण. श्वास घे आधी."

तिने नकारार्थी मान हलवली आणि बोट माझ्याकडे केलं. "तू. घे."

"कुणाचं घेऊ आता?"

तिने खांदे उडवले. जमलं तेवढे. माझा फोन मधल्या टेबलावर उताणा पडला होता. सवयीने माझा हात त्याच्याकडे गेला आणि मी तो मागे घेतला.

"चहाचा घोट थोडा, हनुवटी खाली..." मी थांबले, श्वास रोखला. आईनेही रोखला. "सुचेताचं नाव घेते, आता माझी वेळ आली."

आईच्या घशातून हसू आलं, त्यातच चहा चुकीच्या जागी गेला आणि तिला ठसका लागला. मी तिची पाठ चोळत राहिले, ठसका थांबेपर्यंत. मग तिने डोळे पुसले आणि कपाकडे बघून पुन्हा हनुवटी खाली घेतली.